साइडकारवरचा ढेकूण

रंग काढायच्या रिमूव्हरचा डबा उघडण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवावं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. झाकण घट्ट बसलं होतं. मी डबा दोन्ही गुडघ्यांत धरला, झाकणाखाली स्क्रू काढायचा पेचकस घातला आणि जोर लावला. झाकण एकदम उडालं आणि आतल्या उग्र वासाच्या लगद्याचा एक गोळा माझ्या डाव्या मनगटावर येऊन बसला. कातडी चरचरली तसा मी नळाकडे पळालो. हात वाचला. घड्याळाची काच मात्र माझ्या डोळ्यांदेखत पांढरी होत गेली, हिवाळ्यात सकाळी कन्हान नदीवर धुकं बसतं तशी. काच म्हणायची, पण होती ती प्लॅस्टिकची. आत काटे फिरत होते, टिकटिक नीट ऐकू येत होती. किती वाजले तेवढंच दिसत नव्हतं.

घड्याळ लग्नात सासऱ्यांनी दिलेलं होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. काच जराशी धूसर झाली."

तिने घड्याळाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि मग अंगणात उभ्या असलेल्या आमच्या साइडकारकडे पाहिलं.

"ज्या औषधानं घड्याळ खाल्लं, ते तिले सोडन काय?"

"घड्याळ प्लॅस्टिकचं होतं. हे फायबर आहे. दगडासारखं राहते."

"दगड असन तं बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

शहाणा माणूस तिथेच थांबला असता. पण तिथे मी होतो.

त्या वेळी, म्हणजे ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं तेव्हा, आम्ही खापरखेड्याला वीजकेंद्राच्या वसाहतीत राहत होतो. मी तिथल्या कार्यालयात बाबू होतो. स्कूटर होती. साइडकारची गरज पडली ती सासूबाईंमुळे.

सासूबाई मौद्याकडच्या एका खेड्यातल्या. छप्पन साली दसऱ्याला त्या गावच्या बायांबरोबर पायी नागपूरला आल्या होत्या. माझी बायको तेव्हा त्यांच्या कडेवर होती. पांढरं पातळ नेसून त्यांनी दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून दर दसऱ्याला त्या दीक्षाभूमीवर गेल्या. धानाची कापणी तोंडावर असो, घरात बाळंतीण असो, त्या गेल्या. सासरे वारले त्या वर्षीही गेल्या. मग गुडघ्यांनी दगा दिला. आदल्या वर्षी गावाहून ट्रक निघाला तेव्हा मेहुण्याने आणि त्याच्या मित्रांनी त्यांना उचलून वर बसवायची तयारी केली. सासूबाईंनी हात झटकले. "मी काय कापसाचं बोचकं आहे काय? पायानं गेलती मी तिथं. उचलून नेलेली नाही जाणार." ट्रक गेला. त्या दिवसभर पांढरं पातळ नेसून दारात बसून राहिल्या.

त्यानंतर औषधपाण्यासाठी आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. वसाहतीतल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेल दिलं. गुडघे थोडे चालायला लागले, वाकायला मात्र तयार नव्हते. बसच्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. स्कूटरवर मागे बसायचं तर गुडघा वाकवावा लागतो. पावसाळा सरत आला तसं सासूबाईंनी पातळ पेटीतून काढलं, धुतलं, कडक इस्त्री करून आणायला लावलं आणि उशाशी ठेवलं. बायकोने विचारलं, "आई, एक दसरा चुकला म्हणून काय होते?"

"एक चुकला तं चुकला वं," त्या म्हणाल्या. "दुसरा चुकला का मंग सवय लागते."

हे वाक्य बायकोने मला रात्री जेवताना वाढलं. भाजी कोणती होती आठवत नाही, वाक्य आठवतं. साइडकारमध्ये पाय समोर लांब करून बसता येतं, हे मला तेव्हा सुचलं. माझ्या आयुष्यात मला वेळेवर सुचलेल्या गोष्टी फार नाहीत. ही त्यातली एक आहे, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

साइडकार मिळाली सक्करदऱ्याला. मालक म्हातारा होता. ढेकूण मारायच्या पावडरच्या पुड्या विकत तो उभ्या जन्मात नागपुराभोवतीचे आठवडी बाजार फिरला होता, आणि आता डोळे कमी झाले म्हणून धंदा आटोपत होता. गाडी चांगली होती. चाक सरळ, बैठक मऊ, सांगाडा लोखंडी आणि वरचं अंग फायबरचं, म्हणून वजनाला हलकं. एकच गोष्ट होती. डाव्या अंगाला, नाकापासून बैठकीपर्यंत, परातीएवढा ढेकूण रंगवलेला होता. उताणा पडलेला, सहाही पाय वर. रंगवणाऱ्याने त्याला पापण्या काढल्या होत्या, आणि मरता मरता तो हसत होता.

"दर दिवाळीले नवा हात देत होतो साहेब," म्हातारा अभिमानाने म्हणाला. "याले लोक दुरून ओळखत."

निघताना त्याने काहीतरी सांगितलं. मी तेव्हा वाकून टायर दाबून पाहत होतो. टायर दाबून काय कळतं ते मला आजही माहीत नाही, पण गाडी घेताना ते करायचं असतं. बायको ऐकत होती.

परत येताना ती साइडकारमध्ये बसली. सक्करदऱ्याच्या तलावापाशी एका बाईने हात दाखवून स्कूटर थांबवली.

"भाऊ, दोन पुड्या द्या ना. मागच्या मंगळवारी नाही आले तुमी."

मी काय बोलावं या विचारात असतानाच बायको आतून म्हणाली, "संपल्या मावशी. पुढच्या मंगळवारी या."

घरापर्यंत असे आणखी काही लोक भेटले. एकाने मला म्हाताऱ्याचा मुलगा समजून वडिलांची तब्येत विचारली. मी बरी आहे म्हणालो.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी गाडी पाहिली. मग बराच वेळ ढेकूण पाहिला.

"जवाईबापू, गाडी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण पांढरं पातळ नेसून मी ढेकणात बसू काय?"

प्रश्न रास्त होता. मी दुसऱ्याच दिवशी पांढरा ऑइलपेंट आणला आणि सगळ्या साइडकारवर एक हात मारला. ढेकूण नाहीसा झाला. सकाळी ऊन तिरपं पडलं तेव्हा तो परत आला. दर दिवाळीच्या नव्या हातामुळे त्याच्यावर रंगाचे एवढे थर चढले होते की तो फायबरवर नाण्यावरच्या छापासारखा उठून बसला होता. रंग पांढरा, आकार तोच, पापण्यासुद्धा शाबूत.

सासूबाई म्हणाल्या, "पाहा, हाही पांढरं नेसून तयार झाला."

म्हणजे जुना रंग मुळापासून काढणं आलं. आता आमची वसाहत म्हणजे लोखंडाची वसाहत. कोणी बॉयलरवर, कोणी टर्बाइनवर, कोणी पाइपलाइनवर. लोखंड सोडून जगात दुसरं काही घट्ट असू शकतं यावर तिथे फारसा कोणाचा विश्वास नव्हता. शेजारी बॉयलरचे फिटर होते, माझ्याहून वयाने मोठे. ते आले, त्यांनी ढेकणावर टिचकी मारली आणि म्हणाले, "बाबू, यात का आहे गा? रिमूव्हर लावा. आमी पाइपाचा रंग काढतो ना, साप कात टाकते तसा निघते. लावा, जेवून या, अन् लोखंडी पत्तीनं खरवडा."

असा तो डबा माझ्या गुडघ्यांत आला. घड्याळाचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

मी काटकसरी माणूस. सगळ्या गाडीला रिमूव्हर कशाला, म्हणून मी तो ब्रशने नेमका ढेकणावर लावला. पायाला पाय, पोटाला पोट. पापण्यांसाठी बारीक ब्रश घेतला. लावल्याबरोबर रंग सुरकुतायला लागला, दुधावर साय धरते तसा. शेजारी कुंपणापलीकडून म्हणाले, "पाहा, म्हटलं होतं ना?" मला इतका आनंद झाला की मी आणखी एक हात दिला. मग सांगितल्याप्रमाणे जेवायला गेलो. वरण-भात होता, वर वांग्याची भाजी होती. जेवण झाल्यावर मी जरासा आडवा झालो. किती वेळ ते मला कळायला मार्ग नव्हता, कारण घड्याळात धुकं होतं.

उठून पत्ती घेतली आणि खरवडायला लागलो. रंग लोण्यासारखा निघाला. आधी माझा पांढरा निघाला, मग लाल निघाला, काळा निघाला, त्याखालचा पिवळा निघाला. मग एक पांढरट, चिकट, खरवसासारखा पदार्थ निघायला लागला. मी तोही काढला. बराच काढला. मग पत्तीला केसांसारखे बारीक धागे गुंडाळून यायला लागले, तेव्हा माझा हात थांबला. मी रंग खरवडत नव्हतो, मी गाडी खरवडत होतो.

पाण्याने धुतल्यावर सगळं स्पष्ट झालं. ज्या नेमकेपणाने मी औषध लावलं होतं त्याच नेमकेपणाने ते फायबरमध्ये उतरलं होतं. सहा पाय, पोट, डोकं. आधी ढेकूण रंगवलेला होता, आता तो कोरलेला होता. पोटाच्या मध्यभागी तर बोट घातलं की पलीकडे सासूबाईंच्या बैठकीत निघत होतं.

शेजाऱ्यांना बोलावलं. त्यांनी पुन्हा टिचकी मारली, वाकून वास घेतला.

"बाबू, हे लोखंड नाही गा."

"फायबर आहे."

"मंग सांगाचं नाही काय?"

"तुम्ही टिचकी मारली ना. मला वाटलं तुम्हाला कळलं."

"मी तं सवयीनं मारली," ते म्हणाले आणि त्यांच्या परीने धीर द्यायला म्हणाले, "पण रंग निघाला, हे मात्र मानाच लागन."

दसरा जवळ येत होता. सासूबाईंनी येऊन पाहिलं नाही, पण त्या संध्याकाळी पातळाची घडी त्यांनी उशाशेजारून उचलून पेटीवर ठेवली. पेटीत नाही, पेटीवर. तेवढ्याने माझी झोप उडाली.

मी हट्टाला पेटलो. उरलेला रंग औषधाशिवाय काढायचा ठरवलं आणि सुताराकडून घासायचा कागद आणून कोरडाच घासत सुटलो. अंगणात पांढरा धुरळा उडाला. त्या धुरळ्यात रंग होता तसं फायबरही होतं, आणि फायबरचे ते अदृश्य धागे माझ्या मानेत, बाहीत, लुंगीत गेले. वाळत घातलेल्या कपड्यांवर गेले. बाजांवर टाकलेल्या गोधड्यांवर गेले. रात्री आम्ही सगळे खाजवत बसलो. मी पाठ भिंतीला घासत होतो, बायको फणीने मान खाजवत होती, आणि सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "चावते वं काहीतरी."

सकाळी बायकोने आमच्या खोलीतल्या बाजा अंगणात काढल्या आणि आपल्याकडे करतात तसं त्यांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. एकही ढेकूण निघाला नाही, कारण तो नव्हताच. पण वसाहतीत एकाच्या अंगणात बाज उभी करून उकळतं पाणी ओतलं जातं तेव्हा दुसऱ्याला काय समजायचं ते समजतं, आणि त्याच अंगणात परातीएवढा ढेकूण कोरलेला असेल तर विचारायलाच नको. शेजारीणबाईंनी त्यांच्या बाजा आमच्या कुंपणापासून उचलून पलीकडच्या भिंतीला लावल्या. दुपारी माझ्या कार्यालयात माझ्या बाजूच्या खुर्चीवरचा सहकारी, खुर्ची मागे-पुढे करत, फॅनचा वारा नीट लागत नाही म्हणून दुसऱ्या टेबलावर गेला. फॅन माझ्या डोक्यावरच होता.

घरी आलो तर कोणीतरी एक पुडी ओट्यावर ठेवून गेलं होतं. तीच पावडर. पुडीवर तोच ढेकूण, तोच हसरा चेहरा.

"लोक म्हणून राहिले, ढेकणाच्या गाडीनं ढेकूण आणले," बायको म्हणाली. ती हसत होती की रडत होती कळेना, कारण ती एकीकडे खाजवतही होती.

"आता काय करावं?" मी म्हणालो.

"त्या म्हाताऱ्यानं सांगतलं ते करा."

"काय सांगितलं?"

"तुम्ही टायर दाबून राहिले होते तेव्हा. तो म्हणे, रंग काढाचा असन तं पाण्याचा कागद घ्या, साबणाचं पाणी घ्या, अन् भिजवून भिजवून घासत बसा. औषध लावू नका, हे खाऊन जाते. अन् कोरडं घासू नका, खाज सुटते."

"मग तू काहून नाही सांगितलं?"

"म्हटलं नव्हतं काय? घड्याळ खाल्लं तं तिले सोडन काय, म्हणून विचारलं. तुम्ही म्हणाले, दगड आहे."

मी पाण्याचा कागद घेऊन आलो. हा कागद काळा असतो, भिजला तरी फाटत नाही, आणि पाण्याखाली घासल्याने धुरळा उडत नाही, सगळा रंग गढूळ पाण्यातून वाहून जातो. अट एकच, घाई करायची नाही. आता घाई न करणारा माणूस आमच्या घरात एकच होता. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "आणा इकडे. गुडघे गेले माहे, हात कुठी गेले?"

मी आणि शेजाऱ्यांनी पेचकसाने फायबरचे भाग सांगाड्यावरून सोडवले. नाक, पुढची झडप, चाकावरचा मडगार्ड, बैठकीचं अंग. एकेक भाग आम्ही सासूबाईंपुढे ठेवायचो. त्या पाय लांब करून बसायच्या, मांडीवर पोतं, बाजूला साबणाच्या पाण्याची बादली. सासूबाईंचं अर्धं आयुष्य विड्या वळण्यात गेलं होतं, त्यामुळे हात चालता ठेवून तोंडाने गप्पा मारायची त्यांना सवय होती. कागद गोल गोल फिरायचा, पाणी ओघळायचं, आणि खालून एकेक दिवाळी वर यायची. हिरवी दिवाळी, निळी दिवाळी, मधेच एक गुलाबी.

"त्या साली त्याचा धंदा चांगला झाला असन," गुलाबी रंग पाहून त्या म्हणाल्या.

माझं काम बादलीतलं पाणी बदलण्याचं होतं. ते मी चोख केलं. शेजारीणबाई आधी कुंपणापलीकडूनच पाहायच्या. मग त्यांना खरा प्रकार कळला, मग त्या हसल्या, मग त्या स्वतःच एक कागदाचा तुकडा घेऊन मडगार्ड घासायला बसल्या. बाजा मात्र त्यांनी पलीकडच्या भिंतीलाच राहू दिल्या.

सगळा रंग निघाला. भाग गुळगुळीत झाले, हाताला साबणाच्या वडीसारखे लागायला लागले. उरला तो कोरलेला ढेकूण. तो भरायचा होता. इतवारीतल्या एका दुकानातून मी फायबरचा काकवीसारखा डिंक आणि काचेच्या धाग्यांची चटई आणली. डिंकात दुसरं एक पाणी थेंब थेंब टाकायचं असतं, म्हणजे तो घट्ट होतो. शेजारी म्हणाले, "थेंबानं का होते गा," आणि त्यांनी झाकणभर टाकलं. डिंक गरम झाला, धुमसला आणि ढवळायच्या काडीसकट पेल्यात दगड होऊन बसला. पेला बायकोचा होता. पुढे कितीतरी वर्षं तो आमच्या दाराला अडण म्हणून लावलेला असे. दुसऱ्या वेळी आम्ही थेंब मोजले. भोक बुजलं, पाय बुजले, वरून पुट्टी भरली, पुन्हा भिजवून घासलं. मग पांढरा रंग. या खेपेला सकाळच्या तिरप्या उन्हातही काही दिसलं नाही. मी बसून पाहिलं, आडवा होऊन पाहिलं. काही नाही.

त्या संध्याकाळी पातळ पेटीवरून परत उशाशी आलं.

दसऱ्याला आम्ही उजाडताच निघालो. सासूबाई पांढऱ्या पातळात, पाय समोर लांब करून, साइडकारमध्ये. बायको माझ्या मागे. कोराडीच्या रस्त्याने ट्रक, टेम्पो, सायकली, पायी जाणारे, सगळे एकाच दिशेने. ट्रकमधल्या बाया सासूबाईंना हात दाखवत होत्या आणि त्या दोन्ही हात जोडून उत्तर देत होत्या. मी आपला रस्त्याकडे पाहत होतो. पण स्कूटर चालवणाऱ्यालाही पाठ असते, आणि माझी त्या दिवशी जरा ताठ होती.

दीक्षाभूमीच्या बरंच अलीकडे सासूबाईंनी हात वर केला.

"थांबवा इथं."

"आई, अजून गाडी जाते पुढं."

"गाडी जाईन. मले जाऊ द्या."

त्या उतरल्या. एक हात लेकीच्या खांद्यावर, आणि चालायला लागल्या. पावलागणिक थांबत होत्या, पण चालत होत्या. स्तूपाचं काम तेव्हा अजून सुरू होतं. त्याचा अर्धामुर्धा घुमट गर्दीच्या वर दिसत होता. मी पाहत उभा राहिलो. मागून एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आलो. "पुस्तकांच्या दुकानांपाशी भेटू, बारा वाजता," मी ओरडून सांगितलं आणि गाडी लावायला गेलो.

बारा वाजता. आणि मनगटावर धुकं. काचेला एका कडेला चिंचोक्याएवढी जागा साफ राहिली होती. तिथून एक काटा दिसायचा. तो मोठा की छोटा, हे अंदाजाने ठरवावं लागे. लोकांना विचारता आलं असतं. पण हातात घड्याळ बांधलेल्या माणसाने दुसऱ्याला वेळ विचारायची कशी? लांबच्या एका मैदानात गाडी लावली, जेवणाचं वाटप चालू होतं तिथे रांगेत उभा राहिलो, भात-भाजी खाल्ली, काटा पाहिला, अजून बराच वेळ आहे असं ठरवलं आणि गाडीपाशी येऊन सावलीला बसलो. येणारे-जाणारे माझ्या गाडीकडे पाहून हसत होते. माझ्या रंगकामाला दाद मिळते आहे असं मला वाटलं.

तेवढ्यात बायको आली. एकटी. धापा टाकत.

"आई इकडे आली काय?"

"तुझ्यासोबत होती ना."

"बारा कवाचे वाजून गेले. तुमची वाट पाहू पाहू थकलो. आईले दुकानापाशी बसवून तुम्हाले पाहाले निघाली, दिसले नाही. वापस गेली तं आई तिथं नाही." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "त्या गुडघ्यांनी कुठी गेली असन वं माय."

मी उठलो. एवढ्या जनसागरात, सगळ्याच बाया पांढऱ्या पातळात. कोणाला काय सांगून शोधायचं? उंची मध्यम, पातळ पांढरं. आणि त्याच क्षणी मैदानाच्या कोपऱ्यातला भोंगा खरखरला.

"लक्ष द्या. मौद्याकडच्या एक आजी आमच्या मंडपात बसल्या आहेत. त्यांचे जवाई हरवले आहेत. ज्यांच्या गाडीवर ढेकूण आहे, त्या जवायांनी ताबडतोब मंडपाकडे यावं. पुन्हा सांगतो. ढेकणाच्या गाडीचे जवाई, जिथं असन तिथून मंडपाकडे या."

मी मागे वळून पाहिलं. ऊन चढलं होतं, आणि उन्हात तापून आमची पुट्टी आत बसली होती. पांढऱ्याशुभ्र साइडकारवर, डाव्या अंगाला, तो उताणा पडला होता. सहाही पाय वर. आसपासचे सगळे आधी गाडीकडे आणि मग माझ्याकडे पाहत होते. एक जण म्हणाला, "दादा, तुमालेच बोलावून राहिले वाटते."

मंडपात सासूबाई खुर्चीवर पाय लांब करून प्रमुख पाहुण्यासारख्या बसल्या होत्या. हातात पाण्याचा पेला, मांडीवर नवीन घेतलेलं एक छोटं पुस्तक. आजूबाजूला निळे रुमाल गळ्यात बांधलेले स्वयंसेवक. बायको धावत जाऊन त्यांना बिलगली.

"आई, हरवली कशी तू?"

"मी कायले हरवतो वं? दुकानापाशी ऊन आलं, मी सावलीत सरकली. हे हरवले," त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "म्हणून यायले सांगतलं, माह्या जवायाले पुकारा."

त्यांतला एक मला म्हणाला, "आम्ही म्हटलं, आजी, नाव सांगा. तं त्या म्हणे, नावाचे लय असतीन, ढेकणाची गाडी एकच आहे."

"पण आई," मी म्हणालो, "ढेकूण परत वर आला हे तुम्हाला कसं माहीत?"

"सकाळी उतरतानीच दिसला. पाय दिसून राहिले होते त्याचे. म्हटलं, सणाच्या दिवशी कायले सांगा, तुमचा जीव थोडा होईन."

मंडपापासून मैदानापर्यंत त्या परत चालतच आल्या. साइडकारमध्ये बसण्याआधी त्यांनी ढेकणावर हात फिरवून पाहिला, घासताना फिरवत होत्या तसाच, आणि आत बसल्या. परतीच्या रस्त्यात त्यांना झोप लागली.

घरी आल्यावर मी गाडीभोवती फिरलो, टिचकी मारली, आणि बायकोला म्हणालो की आता हिवाळ्यात पुट्टी सगळी काढतो, नव्याने भरतो, पुढच्या दसऱ्यापर्यंत नामोनिशाण राहणार नाही.

ती सासूबाईंच्या पातळाची घडी घालत होती. घडी पूर्ण झाल्यावर म्हणाली,

"राहू द्या त्याले. आईचे गुडघे गेले, तुमचं घड्याळ गेलं. या घरात पाहिजे तवा सापडते असा तो एकटाच राहिला."